नागपूरच्या हवेत धूर की राख? लायडरच्या नोंदी वाचायला शिकताना

आमचं घर कामठी रोडला. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरून हात फिरवला की बोटांना करडी भुकटी लागायची. आई म्हणायची राख. शेजारचे काका म्हणायचे रस्त्याची धूळ. मार्चमध्ये वाऱ्याबरोबर जळका वास आला की कुठेतरी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) पेटवली असणार, यावर मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं. एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी हाच वाद घेऊन बसले. लायडर म्हणजे लेसरने हवेतले कण टिपणारं यंत्र. त्याच्या नोंदी नीट वाचता यायला मला जवळपास वर्ष लागलं. त्यातले कितीतरी महिने अशा चुकांत गेले, ज्या कुणी दोन वाक्यांत आधी सांगितल्या असत्या तर झाल्याच नसत्या. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. बारावीचं भौतिकशास्त्र आणि जुजबी पायथन एवढी तयारी पुरते.

लायडर म्हटलं की आपल्याकडे अनेकांना मुंबई-नागपूर हायस्पीड रेल्वेसाठी विमानातून झालेलं सर्वेक्षण आठवतं. तो जमीन मोजणारा लायडर. आपला लायडर हवेतल्या कणांवरून माघारी आलेला प्रकाश मोजतो, पण तत्त्व तेच: लेसरचा अगदी छोटा स्पंद सोडायचा, आणि किती प्रकाश किती वेळाने परतला ते पाहायचं. १५० मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला १ मायक्रोसेकंद लागतो. त्या हिशोबाने कण किती अंतरावर आहेत ते कळतं. माघारी आलेल्या या प्रकाशाला सगळे बॅकस्कॅटर म्हणतात, मीही तेच म्हणेन.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. यंत्र ‘हा धूर आहे’ असं कधीच सांगत नाही. अमुक उंचीवर कण आहेत, ते गोल आहेत की वेडेवाकडे, बारीक की जाड, प्रकाश शोषणारे की नुसता विखुरणारे, एवढंच ते सांगतं. धूर की राख हा निवाडा आपण करायचा, आणि त्यासाठी आपल्या भागात कधी काय जळतं आणि काय उडतं हे ठाऊक असावं लागतं. पुस्तकातल्या तक्त्यावर विसंबून नागपूरची राख ओळखायला गेलात तर फसाल. का ते पाचव्या पायरीत सांगते.

काय काय लागेल

- नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर खातं (फुकट मिळतं) आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या संकेतस्थळावर खातं (तेही फुकट)
- पायथन असलेला संगणक. कॅलिप्सो उपग्रहाच्या फाइली एचडीएफ-४ प्रकारच्या असतात, अर्थकेअर उपग्रहाच्या एचडीएफ-५. दोन्हींसाठी वेगळी लायब्ररी लागते
- नासाचा फर्म्स नावाचा आगींचा नकाशा
- वाऱ्याचा माग काढणारं नोआ या अमेरिकी हवामान संस्थेचं हायस्प्लिट
- नागपूरच्या सोनेगावहून सोडल्या जाणाऱ्या हवामान फुग्यांच्या नोंदी. केंद्र क्रमांक ४२८६७
- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून नागपूरच्या केंद्रांचे तासातासाचे पीएम २.५ (बारीक कण) आणि पीएम १० (त्याहून जाड कणांसकट) चे आकडे
- एखाद्या संस्थेकडून प्रत्यक्ष माहिती हवी असेल तर कॉलेजचं बोनाफाईड आणि मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था वर्धा रोडला आहे, एमआरसॅक हे राज्याचं दूरसंवेदन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात. नुसतं जाऊन उभं राहू नका, आधी पत्र द्या

१. आधी पंचांग मांडा

माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या दिवशी संगणक उघडूच दिला नाही. कागदावर बारा महिने लिहायला लावले आणि प्रत्येकासमोर हवेत काय असू शकतं ते भरायला सांगितलं. तो कागद मी अजून वापरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणात धानाचे खुंट जळतात, आणि वारा वायव्येचा असला तर तो धूर मध्य भारतापर्यंत येऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत शेकोट्या आणि चुली, शिवाय पहाटेच्या थंडीत हवेचा खालचा थर जमिनीलगत दबलेला, त्यामुळे सगळं काही खालच्या काहीशे मीटरांत कोंडलेलं. फेब्रुवारीपासून शेतकरी पऱ्हाटी जाळतात, धुरे पेटवतात. (आपल्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. पुण्याच्या एका मैत्रिणीने माझी टिपणं वाचून ‘धुरा पेटवला’ म्हणजे धूर केला असं समजून घेतलं होतं.) मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून गडचिरोली, मेळघाट, पेंचकडे वणवे लागतात. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम. भांडेवाडीच्या डंपिंग यार्डला उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी वेगळ्या लिहा, त्यांचा धूर शेतातल्या धुरासारखा नसतो. एप्रिल ते जून राजस्थानकडची धूळ आणि वाळलेल्या राखेच्या तळ्यांवरून उडणारी भुकटी. कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांच्या चिमण्या बाराही महिने.

पावसाळ्याचे चार महिने सरळ खोडून टाका. दाट ढगातून लेसर पार जात नाही.

२. कुठल्या नोंदी घ्यायच्या

नवशिक्यासाठी सगळ्यात मोठा खजिना म्हणजे कॅलिप्सो उपग्रह. एप्रिल २००६ मध्ये तो सोडला, त्याच वर्षी जूनपासून नोंदी मिळतात, आणि २०२३ मध्ये मोहीम संपली. त्यावरचा लेसर ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींवर काम करायचा, आणि ५३२ वर ध्रुवीकरणही (प्रकाश कोणत्या प्रतलात डोलतो ते) मोजायचा. चालू काळासाठी अर्थकेअर आहे. तो मे २०२४ मध्ये गेला आणि त्यावरचा ॲटलिड लायडर ३५५ नॅनोमीटरवर काम करतो. शिकायचं कॅलिप्सोवर, आजचं पाहायचं अर्थकेअरवर, असा माझा सल्ला.

एक अपेक्षा आताच सोडा. उपग्रह लायडर नकाशा देत नाही, एक रेघ देतो. जमिनीवर त्याच्या प्रकाशाचा ठिपका शंभर मीटरच्या आतबाहेर असतो, आणि कॅलिप्सो सोळा दिवसांनी पुन्हा त्याच रेघेवर यायचा. आपल्या अक्षांशावर लगतच्या दोन समांतर रेघांमधलं अंतर साधारण १६० किलोमीटर पडतं. म्हणजे रेघ सीताबर्डीवरून जाईलच असं नाही. वर्धा, भंडारा, शिवनी, छिंदवाडा सामावतील असा चौकोन आखा आणि त्यातून जाणाऱ्या सगळ्या फेऱ्या गोळा करा. २०१८ मध्ये उपग्रहाची कक्षा खाली आणली, तेव्हापासून रेघा बदलल्या. आधीची आणि नंतरची यादी वेगळी ठेवा.

३. फाइल उतरवताना

इथे दोन चुका हमखास होतात. मी दोन्ही केल्या.

पहिली वेळेची. फाइलीच्या नावात जागतिक वेळ असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. कॅलिप्सोची रात्रीची फेरी आपल्याकडे दीडच्या सुमारास व्हायची, तेव्हा जागतिक घड्याळात आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. म्हणजे १५ एप्रिलच्या पहाटेची फेरी १४ एप्रिलच्या फाइलीत सापडते. मी आठवडाभर चुकीच्या तारखांच्या फाइली उतरवत होते आणि आगी पेटलेल्या असताना आकाश स्वच्छ कसं, म्हणून हैराण झाले होते.

दुसरी उंचीची. फाइलीतली उंची समुद्रसपाटीपासून असते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे. आलेखात एक किलोमीटरवर दिसणारा थर आपल्या डोक्यावर सातशे मीटरच असतो. हिवाळ्यात, सगळा खेळच खालच्या पाचशे मीटरमध्ये असताना, हा फरक निष्कर्ष उलटा करतो.

शक्य तेवढ्या रात्रीच्या फेऱ्या घ्या. दिवसा सूर्यप्रकाशाचा गोंगाट मिसळतो आणि विरळ थर त्यात बुडून जातात.

४. आधी चित्र पाहा, मग आकडे

प्रत्येक फेरीची तयार चित्रं नासाच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथूनच सुरुवात करा. आडव्या अक्षावर अक्षांश-रेखांश, उभ्यावर उंची, रंगात बॅकस्कॅटर. जमिनीवरून परतलेला प्रकाश तळाशी जाड पट्ट्यासारखा दिसतो. ढग ठळक, कडा स्पष्ट. धूर-धुळीचे थर मंद आणि पसरट.

ढगाखाली काळं दिसलं तर तिथे हवा स्वच्छ आहे असं समजू नका. तिथे प्रकाश पोचलाच नाही. ‘नोंद नाही’ आणि ‘कण नाहीत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यावर मार्गदर्शकांनी लाल पेनाने सगळ्यात जास्त वेळा हेच लिहिलं होतं.

थर ढगाचा की कणांचा हे कॅलिप्सोची प्रणाली गुण देऊन सांगते: अधिक १०० पूर्ण ढग, उणे १०० पूर्ण कण. उणे ७० च्या खालचे थर घेतलेत तर बराच मनस्ताप वाचतो. खूप उंचावरचे विरळ बर्फाचे ढग तरीही फसवतात. त्यांचे कण वेडेवाकडे असतात, ज्वालामुखीच्या राखेसारखेच. त्या उंचीवरचं तापमान फुग्याच्या नोंदीत पाहा. उणे ४० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर आधी बर्फाचाच संशय घ्या.

५. आकार: सगळ्या कामाचं मर्म

लेसरचा प्रकाश एकाच प्रतलात डोलत असतो. गोल कणावरून तो परतला तर बहुतेक त्याच प्रतलात परततो. खडबडीत, कोनदार कणावरून परतला तर त्यातला काही भाग आडव्या प्रतलात वळतो. वळलेल्या आणि न वळलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर म्हणजे डीपोलरायझेशन.

५३२ नॅनोमीटरवर ढोबळ खुणा अशा. ताजा धूर ०.१ च्या खाली, बरेचदा ०.०५ च्या जवळपास. वाळवंटी धूळ ०.३ ते ०.३५. ज्वालामुखीची राख तशीच, थोडी वरच. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एय्याफ्यालायोकुलच्या राखेने युरोपचं आकाश बंद पाडलं तेव्हा जर्मनीतल्या लायडरांनी ०.३५ च्या पुढचे आकडे नोंदले. मधले आकडे आले की बहुधा मिश्रण.

आता नागपूरची अडचण. ‘राख म्हणजे वेडेवाकडे कण, म्हणजे डीपोलरायझेशन जास्त’ हे समीकरण ज्वालामुखीच्या राखेचं आहे. ती म्हणजे फुटलेल्या काचेचे आणि खडकाचे तुकडे. औष्णिक वीज केंद्राची उडती राख वेगळी. दळलेला कोळसा भट्टीत इतक्या तापमानाला जळतो की त्यातली खनिजं वितळतात, हवेतच थेंब होतात आणि थंड होताना काचेच्या मण्यांसारखी गोल घट्ट होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर गोट्या सांडल्यासारखी दिसते. मी आमच्या चादरीवरची भुकटी प्रयोगशाळेत पाहिली तेव्हा त्यात गोल मणीही होते आणि कोनदार कणही, आणि तिथेच माझा सोपा तक्ता मोडला.

म्हणजे चिमणीतून निघालेली ताजी उडती राख गोल असल्यामुळे तिचं डीपोलरायझेशन ज्वालामुखीच्या राखेइतकं असेल असं धरून चालता येत नाही. ती धुराच्या खान्यात जाऊन बसू शकते. पण हीच राख पाण्याबरोबर तळ्यात गेली, भट्टीच्या तळाशी साचणाऱ्या जाड कोनदार राखेबरोबर मिसळली, मे महिन्यात काठावर वाळली आणि मातीसकट वाऱ्यावर उडाली की आकडा चढतो आणि ती धुळीच्या किंवा ‘प्रदूषित धुळी’च्या खान्यात जाते. एकच कोळसा, दोन खाने. आणि कॅलिप्सोच्या वर्गवारीत कोळशाच्या राखेला स्वतंत्र खाना नाहीच. ज्वालामुखीच्या राखेचा आहे, तोही फक्त वर स्थितांबरातल्या (नेहमीच्या ढगांच्याही वरचा वातावरणाचा पट्टा) थरांसाठी. त्यामुळे फाइलीत ‘राख’ शोधत बसू नका.

आणखी दोन सापळे.

फाइलीत दोन प्रकारची डीपोलरायझेशनं असतात: हवेच्या रेणूंसकट सगळ्याचं, आणि फक्त कणांचं. थर विरळ असला की रेणूंच्या प्रकाशामुळे पहिलं कमी दिसतं. धुळीचा पातळ थर मग धुरासारखा वाटतो. नेहमी कणांचंच पाहा.

दुसरं, धूर कायम गोल राहत नाही. खूप वर गेलेला, कोरडा, जुना धूर खडबडीत होऊ शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर स्थितांबरातून युरोपवर आला तेव्हा त्याचं डीपोलरायझेशन ३५५ वर ०.२२, ५३२ वर ०.१८ आणि १०६४ वर फक्त ०.०४ भरलं. म्हणून दोन तरंगलांबींवर पाहता आलं तर सोनं: धुराचा आकडा लांब तरंगलांबीवर झपाट्याने पडतो, धुळीचा तसा पडत नाही.

६. जाडी आणि शोषण

बारीक कण आखूड तरंगलांबी जास्त विखुरतात, जाड कण दोन्ही जवळपास सारखेच. म्हणून १०६४ च्या बॅकस्कॅटरला ५३२ च्या बॅकस्कॅटरने भागा. आकडा लहान आला तर बारीक कण, धुराकडे झुकतं माप. एकच्या जवळ गेला तर जाड कण, धूळ, उडालेली राख किंवा ढग.

शोषणासाठी लायडर गुणोत्तर वापरतात: थराने एकूण किती प्रकाश अडवला आणि त्यातला किती माघारी पाठवला. धूर प्रकाश शोषतो म्हणून त्याचं गुणोत्तर जास्त, धुळीचं कमी. इथे मी सगळ्यात मोठी चूक करत होते, म्हणून जरा थांबून वाचा. कॅलिप्सोच्या फाइलीतलं गुणोत्तर मोजलेलं नसतं. प्रणाली आधी थराचा प्रकार ठरवते आणि मग त्या प्रकाराचा ठरावीक आकडा लावते: धुळीला ४४, प्रदूषित धुळीला ५५, धुराला ७०. मी फाइलीतले ७० दाखवून ‘म्हणून हा धूर’ असं लिहिलं होतं. हे म्हणजे ज्याचं उत्तर त्यालाच साक्षीदार करणं झालं. अर्थकेअरचा ॲटलिड हे गुणोत्तर खरोखर मोजतो, कारण तो रेणूंवरून आणि कणांवरून परतलेला प्रकाश वेगळा करू शकतो. पण त्याच्याकडे तरंगलांबी एकच आहे, त्यामुळे वरचा भागाकार तिथे जमत नाही.

फाइलीतल्या प्रकाराच्या नावावरही डोळे झाकून विश्वास नको. कमी डीपोलरायझेशनचा थर जमिनीपासून २.५ किलोमीटरच्या वर पोचला की कॅलिप्सो त्याला ‘उंचावरचा धूर’ म्हणते. नागपूरच्या मे महिन्यात तापलेली हवाच शहराची घाण तीन किलोमीटरच्या वर उचलते. नाव धुराचं, माल वाहनांचा. उलट जानेवारीतल्या शेकोट्यांचा धूर दोनशे मीटरवर अडकलेला असतो आणि ‘प्रदूषित खंडीय किंवा धूर’ अशा मोघम नावाखाली जातो.

७. माग काढा

समजा, एप्रिलमधल्या एका रात्री भंडाऱ्याच्या बाजूला तीन किलोमीटरवर थर आहे, डीपोलरायझेशन ०.०६, बारीक कण. हायस्प्लिटमध्ये त्या जागेवरून आणि वेळेवरून वाऱ्याचा मागचा प्रवास काढा. एकाच उंचीचा काढू नका. ५००, १५०० आणि ३००० मीटर असे निदान तीन काढा, कारण खालचा आणि वरचा वारा अनेकदा वेगळ्या दिशांचा असतो. सोनेगावचा फुगा पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला जातो, त्याच्या वाऱ्याशी ताळा जमतो का पाहा. मग त्या मार्गावर आधीच्या दोन-तीन दिवसांत आगी होत्या का, ते फर्म्सवर तपासा. फर्म्सवर ठिपका नाही म्हणजे आग नव्हती असं नाही. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास येतो, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पेटवलेला धुरा पुढच्या फेरीपर्यंत विझलेला असतो.

शेवटी जमीन. सिव्हिल लाइन्स, अंबाझरी, महाल, रामनगर या केंद्रांचे आकडे एकत्र मांडा. धुराने पीएम २.५ चढतं, धूळ आणि उडालेल्या राखेने पीएम १० जास्त चढतं. थर तीन किलोमीटरवर असताना खालचे आकडे हललेच नाहीत तर गोंधळू नका. तो धूर आपल्या डोक्यावरून पुढे गेला, एवढंच.

खऱ्या ज्वालामुखीच्या राखेची वेळही येते. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातल्या हायली गुब्बीचा उद्रेक झाला आणि राखेचा ढग अरबी समुद्र ओलांडून वायव्य भारतावर आला, विमानांची वेळापत्रकं विस्कटली. असा ढग जेट विमानांच्या उंचीवर असतो. शेतातल्या धुराशी त्याची गल्लत उंची पाहूनच टळते.

८. स्वतःचं यंत्र बसवायचं असेल तर

थोडक्यात सांगते. ढगांची उंची मोजणारी सिलोमीटर यंत्रं डोळ्यांना सुरक्षित असतात आणि कणांचे थरही दाखवतात, पण सगळी डीपोलरायझेशन मोजत नाहीत. विकत घेण्याआधी हाच प्रश्न विचारा. ५३२ चा ताकदीचा लेसर गच्चीवर लावून आकाशात सोडण्याचा विचार परवानगीशिवाय करू नका. विमानतळ शहरातच आहे, वैमानिकाच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. आणि जमिनीवरच्या लायडरला अगदी जवळचं नीट दिसत नाही. लेसरचा झोत आणि दुर्बिणीचा दृष्टिपट्टा काही अंतरावरच एकमेकांत पूर्ण मिसळतात. हिवाळ्यातला आपला धूर नेमका त्याच आंधळ्या पट्ट्यात असतो.

९. निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक थरासाठी एक ओळ ठेवा: तारीख दोन्ही वेळांत, जमिनीपासूनची उंची, कणांचं डीपोलरायझेशन, दोन तरंगलांबींच्या बॅकस्कॅटरचा भागाकार, वाऱ्याचा माग, फर्म्स, पीएमचे आकडे. मग निवाडा, आणि त्यापुढे ‘पक्का’, ‘बहुधा’ किंवा ‘सांगता येत नाही’ यातलं एक. माझ्या वहीत तिसरा शेरा सगळ्यात जास्त वेळा आहे, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकी तीच पानं उघडून सर्वांत जास्त वेळ प्रश्न विचारले.

पहिला सराव मार्च-एप्रिलच्या रात्रींवर करा. तेव्हा वणव्यांचा धूर स्वच्छ ओळखू येतो आणि हात बसतो. त्यानंतर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या फेऱ्या घ्या, ज्यात धूळ, राख आणि शहर एकाच थरात मिसळलेलं असतं. आमच्या चादरीवरची भुकटी नक्की कुठून येते हे मी अजून त्याच फेऱ्यांमध्ये शोधते आहे.